वर्गवाचनासाठी एक विनोदी कादंबरी : कार्लो कोलोदीचा ‘पिनोकिओ’

प्राथमिक शाळेच्या पुस्तकपेटीत बोधकथा, थोरांची चरित्रे आणि विज्ञानविषयक पुस्तके बहुधा पुरेशी असतात. मुलांना पोट धरून हसावयास लावील आणि हसता हसता एकाएकी गप्प करील, असे दीर्घ कथानकाचे पुस्तक मात्र त्यांत क्वचितच सापडते. कार्लो कोलोदी या इटालियन लेखकाची ‘पिनोकिओची साहसे’ ही कादंबरी त्या जातीची आहे. इयत्ता चौथीपासून पुढील वर्गांना ती क्रमशः वाचून दाखविण्यास फार योग्य आहे. ज्या शिक्षकांनी पिनोकिओ केवळ चित्रमय पुस्तिकेत अथवा चित्रपटात पाहिला असेल, त्यांनी स्वतःसाठीही मूळ कादंबरीचा संपूर्ण अनुवाद एकवार वाचावा. लाकडाच्या पोराची ही गोष्ट वरवर परीकथा दिसली तरी ती मुळात शाळेची गोष्ट आहे. नवव्या प्रकरणात शाळेस जाण्यासाठी घरातून निघालेला हा मुलगा सव्विसाव्या प्रकरणात शाळेत पोहोचतो, आणि पोहोचल्यावरही तेथे टिकत नाही. असे का होते, हा या पुस्तकाचा खरा विषय होय.

लेखकाचे मूळ नाव कार्लो लोरेंझिनी. त्याचा जन्म १८२६ साली फ्लॉरेन्स येथे झाला. कोलोदी हे त्याच्या आईच्या गावाचे नाव, आणि तेच त्याने टोपणनाव म्हणून घेतले. पत्रकार, नाट्यसमीक्षक आणि इटलीच्या स्वातंत्र्ययुद्धातील स्वयंसैनिक अशा भूमिका पार पाडल्यानंतर तो उतारवयाकडे झुकताना बालवाङ्मयाकडे वळला. प्रथम त्याने फ्रेंच परीकथांचे भाषांतर केले आणि मग ‘जानेत्तीनो’ (१८७७) व ‘मिनुत्सोलो’ (१८७८) ही शालेय वाचनाची पुस्तके लिहिली. हा काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. इटलीचे राज्य १८६१ साली एक झाले तेव्हा तेथील सुमारे तीन-चतुर्थांश जनता निरक्षर होती. १८७७ सालच्या कोप्पिनो कायद्याने सहा ते नऊ वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण मोफत व सक्तीचे केले. कायदा झाला, तथापि शेतावर राबणाऱ्या बापाची मुले लगेच शाळेत येऊन बसली असे झाले नाही. अशा दिवसांत, १८८१ साली, रोम येथून निघणाऱ्या मुलांच्या एका साप्ताहिकात ‘एका बाहुल्याची गोष्ट’ या मथळ्याखाली ही कथा छापली जाऊ लागली. लेखकाने ती पोरखेळ म्हणूनच संपादकाकडे धाडली होती आणि पुढे लिहिण्याची उमेद टिकावी म्हणून मोबदला चांगला द्यावा, असेही सुचविले होते. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या माणसाला पाठ्यपुस्तकात जे सांगता येत नाही ते त्याने या पोरखेळात सांगितले, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडील कहाणी आटपाट नगरापासून सुरू होते आणि त्या नगराला एक राजा असतो. कोलोदीच्या वाचकांचीही तीच सवय होती. तो पहिल्याच ओळीत मुलांची ती अपेक्षा जागी करतो आणि तत्काळ मोडून टाकतो : राजा नाही, एक लाकडाचा ओंडका आहे, तोही जळाऊ. अंतोनिओ सुतार हा ओंडका टेबलाच्या पायासाठी तासू लागतो, तोच ओंडका हळू मारण्याची विनवणी करतो. रंधा फिरू लागताच गुदगुल्या होतात म्हणून हसतो. घाबरलेला सुतार तो ओंडका आपला मित्र जेपेत्तो याच्या गळ्यात मारतो. या दोघा म्हाताऱ्यांची झटापट, एकमेकांचे केसांचे टोप हिसकावणे आणि शेवटी टोपांची अदलाबदल करून गुण्यागोविंदाने निरोप घेणे हा भाग अभिनयासह वाचल्यास वर्ग पहिल्या दिवशीच ताब्यात येतो.

यानंतर जेपेत्तो त्या लाकडाचा मुलगा घडवितो. डोळे कोरताच ते त्याच्याकडे रोखून पाहू लागतात, नाक कोरताच ते वाढू लागते, हात होताच ते त्याचा टोप उडवितात आणि पाय होताच पोरगा दारातून पसार होतो. येथे एक गोष्ट शिक्षकांनी आवर्जून पाहावी. जेपेत्तोच्या खोलीत चुलीवर भांडे रटरटत आहे, वाफ येत आहे. पण ती चूल, ती आग आणि ते भांडे सर्व भिंतीवर रंगविलेले आहे. भुकेने व्याकूळ झालेला पिनोकिओ त्या भांड्याचे झाकण उचलावयास धावतो. मुले या ठिकाणी हसतात, आणि हसणे ओसरल्यावर त्यांतील काहींना आणखी काहीतरी समजते. दारिद्र्याचे असे वर्णन सहसा मुलांच्या पुस्तकात येत नाही. त्यात कीव भाकलेली नाही. नुसते चित्र दाखवून लेखक पुढे जातो.

आठवे व नववे प्रकरण हा या कादंबरीचा गाभा होय. पिनोकिओ शाळेत जाण्याचे कबूल करतो; पण अंकलिपी नाही आणि ती घ्यावयास पैसा नाही. जेपेत्तो ठिगळे लावलेला आपला जुना कोट अंगावर घालून बाहेर जातो आणि परततो तेव्हा हातात अंकलिपी असते व अंगात नुसता सदरा. बाहेर हिमवर्षाव चालू आहे. कोट कोठे गेला, असे विचारल्यावर त्यात उकडत होते म्हणून विकला, असे तो म्हणतो. कादंबरीतील हे पहिले मोठे असत्य, आणि ते सांगणाऱ्याचे नाक काही वाढत नाही! आज इयत्ता पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके शाळेतून मोफत मिळतात. त्यामुळे अंकलिपीसाठी कोट विकणे म्हणजे काय, हे सांगितल्यावाचून त्यांच्या ध्यानात येणार नाही. वर्गात ज्यांचे आजीआजोबा मोठ्या भावंडांची जुनी पुस्तके पुरवून पुरवून शिकले, अशी मुले असतील. त्यांनी घरी विचारून यावे व दुसऱ्या दिवशी सांगावे. या एका प्रश्नातून जे संभाषण निघेल ते कोणत्याही प्रश्नोत्तरांच्या तासापेक्षा मोलाचे ठरेल.

दुसऱ्या दिवशी पिनोकिओ अंकलिपी काखेत मारून निघतो. आज वाचावयास शिकेन, उद्या लिहावयास, परवा हिशेब, मग पुष्कळ पैसा मिळवून बापाला सोन्यारुप्याचा, हिऱ्याच्या गुंड्यांचा कोट घेईन, असे मनसुबे तो रचीत आहे. तेवढ्यात पावा आणि ढोल यांचा आवाज येतो. बाहुल्यांचा खेळ लागला आहे; तिकीट चार सोल्दी. तो प्रथम आपला कागदी अंगरखा, झाडाच्या सालीचे जोडे आणि पावाच्या मऊ गराची टोपी विकावयास काढतो. कोणी घेत नाही. अखेर जुन्या कपड्यांचा एक व्यापारी अंकलिपी चार सोल्दींस घेतो. लेखक येथे पिनोकिओला बोल लावीत नाही. घरी एक म्हातारा सदऱ्यावर थंडीत कुडकुडत बसला आहे, एवढेच स्मरण देऊन तो प्रकरण संपवितो. वाचणाऱ्यानेही तेथेच थांबावे. या जागी उपदेश जोडण्याचा मोह शिक्षकाला फार होतो आणि तो आवरणे अवघड असते, तरी आवरावा.

कोल्हा आणि मांजर ही ठकांची जोडी बाराव्या प्रकरणात येते. कोल्हा लंगडत असतो, मांजर आंधळे असल्याचे सोंग करीत असते, आणि ही दैना आपणांस विद्येच्या नादामुळे आली, असे ते दोघे पिनोकिओला सांगतात. शिकून काय मिळाले, हा प्रश्न खेड्यातील पारावर आजही ऐकू येतो. तो किती जुना आहे आणि तो विचारणारा कधी कधी कोण असतो, हे मुलांना येथे आपोआप कळते. पुढे सोन्याच्या नाण्यांचे झाड उगवेल या आशेने पिनोकिओ आपली नाणी जमिनीत पुरतो, ती अर्थातच चोरीस जातात, आणि तो न्यायासनापुढे दाद मागतो. न्यायाधीश म्हणजे एक वृद्ध गोरिला. त्याच्या चष्म्याला काचा नाहीत. तो सर्व हकीकत कनवाळूपणे ऐकतो आणि ज्याची चोरी झाली त्यालाच तुरुंगात टाकावयास सांगतो. चार महिन्यांनी राजाज्ञेने चोरभामटे सुटू लागतात तेव्हा, आपणही भामटेच आहोत असे सांगितल्यावर पिनोकिओची सुटका होते. अंधेर नगरीच्या चौपट राजाची ओळख असलेल्या मुलांना हा न्याय समजावून सांगावा लागत नाही. तद्वतच सोळाव्या प्रकरणातील वैद्यांचा सल्ला पाहावा. कावळा म्हणतो, बाहुला मेलेला आहे, आणि मेलेला नसेल तर तो जिवंत असल्याचे ते लक्षण समजावे. घुबड नेमके याच्या उलट म्हणून तेच सांगते. दोन मुलांनी गंभीर मुद्रेने हे संवाद म्हटले तर गावच्या कोणत्याही संमेलनात ते रंगतील.

पिनोकिओचे नाक सर्वांस ठाऊक असते. किंबहुना पुष्कळांस तेवढेच ठाऊक असते. वास्तविक खोटे बोलल्यामुळे नाक वाढण्याचे प्रसंग छत्तीस प्रकरणांत जेमतेम दोन आहेत. इतर अनेक ठिकाणी तो थापा मारतो आणि नाक होते तेवढेच राहते. मराठीत ‘कळसूत्री बाहुले’ म्हणजे दुसऱ्याच्या हाताने नाचणारा माणूस. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा कळसूत्री खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या दोऱ्या आठवतील. पिनोकिओला एकही दोरी नाही. तो आपल्या पायांनी चालतो. तरीही कोल्हा, मांजर, पावा वाजविणारा, वर्गातला खोडकर दोस्त, जो येईल तो त्याला आपल्यामागे नेतो. कादंबरीची सारी मौज या विसंगतीत आहे. नाक हा त्या मानाने किरकोळ भाग म्हणावा लागेल.

अनुवादाविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे. ही कादंबरी जगातील दोनशेहून अधिक भाषांत गेली आहे. मेरी ॲलिस मरे यांनी केलेला पहिला इंग्रजी अनुवाद १८९२ साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. अलेक्सेई टॉल्स्टॉय यांनी १९३६ साली रशियन मुलांसाठी तिचे इतके स्वतंत्र रूपांतर केले की नायकाचे नावही ‘बुरातिनो’ झाले. १९४० साली डिस्ने यांचा चित्रपट निघाला आणि त्याने मूळ पुस्तक बरेचसे झाकून टाकले. मराठीतही या गोष्टीची लहानमोठी रूपे आढळतात. हाती आलेली प्रत संक्षिप्त की संपूर्ण, हे ओळखण्याच्या दोनतीन खुणा आहेत. संपूर्ण पुस्तकात छत्तीस प्रकरणे असतात. जेपेत्तोला गिळणारा प्राणी मुळात प्रचंड शार्क आहे. तेथे देवमासा आढळल्यास चित्रपटाची छाया पडली आहे असे समजावे. आणि उपदेश करणारा कीटक चौथ्याच प्रकरणात पिनोकिओने फेकलेल्या लाकडी हातोड्याने भिंतीवर चिरडला जातो. तो शेवटपर्यंत खांद्यावर बसून सोबत करीत असेल तर ते पुस्तक कोलोदीचे नव्हे. या कीटकाला ‘नाकतोडा’ म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. शंभर वर्षे एकाच घराच्या भिंतीत राहून किरकिरणारा तो रातकिडा होय, आणि रात्री एकट्या मुलाच्या कानाशी रातकिडाच बोलू शकतो. जेपेत्तोला पोरे चिडवीत असतात ते त्याच्या पिवळ्या टोपावरून, मक्याच्या पिठाच्या घाट्याचे नाव घेऊन. इंग्रजीतून मराठीत येताना अशी नावे निर्जीव होतात. वाचणाऱ्याने ‘घाटा’ हा शब्द बेलाशक योजावा. मुले लगेच हसतील.

एक विनोद मात्र भाषांतराबाहेरच्या माहितीवाचून निसटतो. सत्ताविसाव्या प्रकरणात शाळा चुकवून समुद्रकाठी गेलेली मुले पिनोकिओशी मारामारी करतात आणि दप्तरातील पुस्तके फेकून मारतात. पुस्तके पाण्यात पडतात, मासे ती खावयास धावतात, एखादे पान तोंडात घेतात आणि तोंड वाकडे करून थुंकून टाकतात. त्या पुस्तकांत ‘जानेत्तीनो’ व ‘मिनुत्सोलो’ आहेत, म्हणजे खुद्द कोलोदीचीच पाठ्यपुस्तके. स्वतःच्या क्रमिक पुस्तकांना माशांच्या तोंडून नापसंती मिळवून देणारा लेखक विरळा. त्याच मारामारीत एका मुलाला बेशुद्ध पाडणारे पुस्तक अंकगणिताचे असते, आणि ते भक्कम बांधणीचे असते, हेही लेखक सांगावयास विसरत नाही.

खेळांच्या देशाचा भाग मुलांना सर्वांत प्रिय होईल. तेथे शाळा नाहीत, शिक्षक नाहीत, पुस्तके नाहीत. त्या काळी इटलीत गुरुवारी शाळेस सुट्टी असे. या देशात आठवड्याला सहा गुरुवार आणि एक रविवार असतो, आणि सुट्टी पहिल्या जानेवारीस सुरू होऊन डिसेंबरअखेर संपते. पिनोकिओला तेथे नेणारा मित्र म्हणजे वर्गातला सर्वांत आळशी मुलगा, रोमेओ. अंगाने काडीसारखा म्हणून सर्व त्याला ‘वात’ म्हणतात. पाच महिने मजेत जातात आणि एके सकाळी दोघांनाही गाढवाचे कान फुटतात. टोप्या घालून ते एकमेकांपासून कान लपवितात, मग एकदम टोप्या काढून हसत सुटतात, आणि हसता हसता त्यांचे हसणे ओरडण्यात बदलते.

या ठिकाणी सावधगिरीची सूचना देणे प्राप्त आहे. ‘गाढव’ हा शब्द आपल्या वर्गांत फार काळ सैलपणे वापरला गेला. शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. हे प्रकरण वाचताना मागे पडलेल्या एखाद्या मुलाकडे कोणाची नजर वळली, तर पुस्तकाचा सर्व उपयोग उलटा होईल. आणि कोलोदीचा आशयही तसा नाही. गाढव झालेल्या मुलांना बाजारात विकून पैसा करणारा गाडीवान गोड बोलणारा, लोण्यासारखा मऊ गृहस्थ आहे. लेखकाचा राग त्याच्यावर आहे. शेवटच्या प्रकरणात पिनोकिओला एका मळेकऱ्याच्या गोठ्यात भुकेने व कष्टाने मरणास टेकलेले एक गाढव दिसते. तो त्याला गाढवांच्या बोलीत नाव विचारतो, ते आपले नाव सांगते आणि प्राण सोडते. तो रोमेओ असतो. एक गाढव आपला शाळेतला मित्र होता असे पिनोकिओ म्हणतो तेव्हा मळेकरी खदखदा हसतो. वर्गात मात्र येथे कोणी हसत नाही.

शार्कच्या पोटात जेपेत्तोची व मुलाची भेट, दमेकरी शार्क तोंड उघडे टाकून झोपल्यामुळे झालेली सुटका आणि पाठीवर घेऊन किनाऱ्यास लावणारा कुपा मासा हा भाग वेगाने वाचावा; तो वेगासाठीच लिहिलेला आहे. शेवटच्या प्रकरणाला मात्र दोन दिवस द्यावेत. आजारी बापासाठी पेलाभर दूध मिळावे म्हणून पिनोकिओ त्या मळ्यात रहाट ओढून शंभर बादल्या पाणी काढतो, बुरुडकाम शिकून टोपल्या विणतो आणि रात्री लिहिण्यावाचण्याचा सराव करतो. टोक केलेली काडी हा त्याचा टाक, करवंदासारख्या रानफळांचा व चेरीचा रस ही शाई. वाचावयास एक जाडजूड पुस्तक त्याने चार पैशांत मिळविले आहे. त्याचे पहिले पान आणि अनुक्रमणिका गेलेली आहे. मुलांना शाळेत धाडणारे पुस्तक म्हणून जे ओळखले जाते, त्याचा नायक अखेर शिकतो तो शाळेबाहेर, दिवसभराच्या मजुरीनंतर. कोट घेण्यासाठी साठविलेले चाळीस सोल्दी तो आजारी परीसाठी देऊन टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी हाडामांसाचा मुलगा होऊन जागा होतो. खुर्चीला टेकून उभ्या असलेल्या जुन्या लाकडी देहाकडे पाहताना तो काय म्हणतो, ते मुलांना शेवटी वाचूनच कळू द्यावे.

वाचनाची व्यवस्था अशी ठेवता येईल. प्रत्येक प्रकरण सुमारे पंधरा मिनिटांत वाचून होते. आठवड्यातून चार दिवस शेवटच्या तासाचा काही भाग दिल्यास दहा आठवडे पुरतात. प्रकरणांच्या मथळ्यांतच पुढे काय घडणार ते सांगितलेले असते. तो मथळा आदल्या दिवशी फळ्यावर लिहावा. मुले घरी जाताना तर्क लढवितात. पंधराव्या प्रकरणाच्या शेवटी पिनोकिओला फास देऊन मोठ्या ओकवृक्षावर लटकविलेले आहे. लेखकाने कथा तेथेच संपविली होती. इटलीतील मुलांना ऑक्टोबर १८८१ पासून फेब्रुवारी १८८२ पर्यंत पुढील भागाची वाट पाहावी लागली, आणि त्यांच्या आग्रहामुळे कथा पुढे लिहिली गेली. वर्गात मात्र पंधरावे व सोळावे प्रकरण एकाच दिवशी वाचावे. लहान मुलांना तो प्रसंग रात्रभर मनात घेऊन घरी पाठवू नये. कादंबरीत क्रौर्याचे प्रसंग आणखीही आहेत. ते गाळण्याचे कारण नाही. केवळ त्यांवर आवाज चढवू नये.

ज्या गावांतून मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडणीस जातात, तेथे हे वाचन जूनअखेरीस सुरू करून गणपतीच्या सुमारास पुरे करावे. उशीर झाल्यास ही मुले निघतील तेव्हा पिनोकिओ शार्कच्या पोटातच असेल. प्रत एकच असेल तर निघणाऱ्या मुलांपैकी जो वाचू शकतो त्याच्याकडे ती हंगामापुरती द्यावी व तशी नोंद वाचनालयाच्या वहीत करावी.